गिरणीतली सही

माझं अक्षर चांगलं होतं, तिथून हे सगळं सुरू झालं. १९८३ साली मी दहावी पास झालो तेव्हा आमच्या आळीत शाईच्या पेनानं ओळ न मोडता लिहिणारा मी एकटाच. कुणाच्या पोराला मुंबईला पत्र, कुणाचा सोसायटीला अर्ज, लग्नातल्या मानपानाच्या याद्या, सगळं माझ्याकडं यायचं. त्याच हातानं त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी आमच्या आबांचं, म्हणजे आजोबांचं, मृत्युपत्र लिहिलं. पुढं तो कागद अकरा वर्षं कोर्टात राहिला.

गाव आमचं सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठापासून कोसभर आत. जमीन बारा एकर. त्यातली नऊ एकर वाडवडलांची, आणि तीन एकराचा विहिरीचा मळा आबांच्या कमाईचा. आबा तरुणपणी मुंबईला कापडगिरणीत होते. तिथं साठवलेल्या पैशातून १९५२ साली त्यांनी मळा घेतला. हा फरक गावात कुणी मोजत नाही. ‘बापाची जमीन, बापाची मर्जी’ एवढंच सगळ्यांना ठाऊक. कोर्टात मात्र नऊ आणि तीन हे दोन आकडे मी इतक्यांदा ऐकले की अजून झोपेत कुणी विचारलं तरी सांगीन.

आबांना तीन लेकरं. थोरले काका, मग आत्या, शेवटी माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आजी लवकर गेली. आत्याचं लग्न लहानपणीच झालं, मूलबाळ झालं नाही, आणि नवरा गेल्यावर १९७१ साली सासरच्यांनी तिला ट्रंकेसह आमच्या एस.टी. थांब्यावर आणून सोडलं. तेव्हापासून ती आमच्या वाड्याच्या पडवीत राहायची. आबांचं दुखणंखुपणं, अंघोळ, भाकरी कुस्करून दुधात घालणं, सगळं तिच्याकडं.

आमच्या घराण्यात कागद करायची रीतच नव्हती. आबांचे वडील १९१८ च्या मानमोडीत गेले. ही साथ म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेला इन्फ्लुएन्झा. एका घरातून दिवसाला दोन-दोन तिरड्या निघायच्या असं आबा सांगायचे. पणजोबांनी अंगात ताप असताना भावकीतली चार माणसं ओट्यावर बोलावली आणि तोंडानं सांगितलं, हे रान ह्याचं, ते रान त्याचं. संपलं. कुणी लिहून घेतलं नाही, कुणी भांडलंही नाही. मला वाटायचं, ही जुन्या लोकांची भाबडी रीत. पुढं आत्याच्या वकिलांनी समजावलं तेव्हा कळलं की तो त्या काळचा कायदाच होता. हिंदूंच्या मृत्युपत्रांचा १८७० चा कायदा मुंबई शहराला लागू होता, आमच्यासारख्या मुलखाला नव्हता. खेड्यातला माणूस तोंडी मृत्युपत्र करू शकत होता. १ जानेवारी १९२७ पासून मात्र कुठल्याही हिंदूनं केलेलं मृत्युपत्र लेखीच लागतं, खाली सही नाहीतर अंगठा लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. पणजोबांचा शब्द आठ-नऊ वर्षांनी अलीकडं पडला असता तर कोर्टात त्याला काडीची किंमत नव्हती.

आता थोरल्या काकांचं सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणारा त्यांना दुष्ट ठरवून मोकळा होईल. आबांच्या मागं काकाही मुंबईच्या गिरणीत लागले. बावीस वर्षं नोकरी झाली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन लाखांवर कामगार बाहेर पडले, आणि त्यातले हजारो परत आत गेलेच नाहीत. आमच्या भागात घरटी एक माणूस गिरणीत, त्यामुळं त्या दोन वर्षांत गावाकडं येणाऱ्या एस.टी.च्या टपावर नुसत्या वळकट्या दिसायच्या. काका १९८३ च्या पावसाळ्यात आले. दोन पोरं, दोन पोरी, आणि हातात ना फंड ना पगार. मनीऑर्डर येणारं घर एकाएकी बारा एकरावर आलं. त्यात निम्मं दादांचं. काका रात्री ओट्यावर बसून बोटांवर एकर मोजायचे, ते मी पाहिलेलं आहे.

कागद लिहायचा दिवस. आबा घोंगडं पांघरून भिंतीला टेकलेले. दृष्टी गेलेली, कान मात्र शाबूत. काकांनी तालुक्याहून स्टॅम्पपेपर आणलेला. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही, साध्या कागदावरही चालतं. पण हे तेव्हा आम्हाला कुठलं माहीत. आमच्याकडं छाप असलेला कागद तो कागद. एक जुना खरेदीखताचा नमुना समोर ठेवून काका सांगत होते आणि मी लिहीत होतो. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर असताना’ हे सगळं झालं. मग काकांनी आवाज जरा खाली घेतला. मी लिहिलं: आमचे मुलीचे लग्नात देणेघेणे पूर्ण झाले असून सदर मिळकतीवर तिचा कोणताही हक्क राहिलेला नाही.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. कपबशी माझ्यापुढं ठेवून तिनं विचारलं, “कसला रं कागद?”

मी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, “सोसायटीच्या कर्जाचा.”

मी मान खाली घालून चहा प्यालो. तो चहा गोड होता एवढं आठवतं.

पहिले साक्षीदार म्हणून आमचे निवृत्त मास्तर आले होते. टिळकांचे मोठे भक्त. सही करता करता त्यांनी ताई महाराज प्रकरण सांगायला घेतलं. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली वारले, मृत्युपत्रात टिळकांना विश्वस्त नेमून गेले. त्यांच्या विधवेनं दत्तक कुणाला घ्यायचं यावरून १९०१ पासून जे सुरू झालं ते काही केल्या आवरेना. टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप आला, शिक्षा लागली, १९०४ ला हायकोर्टानं ती रद्द केली. दत्तकाचा शेवटचा निकाल लंडनला प्रिव्ही कौन्सिलात १९१५ साली लागला. “मंडालेची सहा वर्षं भोगून आले तरी ह्यो खटला चालूच,” मास्तर म्हणाले, आणि हसून पेन माझ्या हातात दिलं. मी हे सगळं मजेनं ऐकलं.

मग अंगठा. दूध सोसायटीतून शाईचा पॅड आणलेला. काकांनी आबांचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला. त्याआधी मी सगळा मजकूर वाचून दाखवला. भरभर वाचला, हे कबूल करतो. वाचून झाल्यावर आबा म्हणाले, “पोरीचं लिवलंस न्हवं?”

माझ्या आधी काका बोलले, “लिवलंय आबा, समदं लिवलंय.”

“हं,” आबा म्हणाले, आणि अंगठा दिला.

दुसरे साक्षीदार आमच्या गावचे पिठाच्या गिरणीवाले. ते यायचे होते, पण त्या दिवशी दुपारी लाईट आली. तेव्हा आमच्याकडं वीज कधी येईल आणि किती वेळ राहील याचा भरवसा नसायचा. लाईट आली की सगळा गाव दळणाचे डबे घेऊन गिरणीपुढं रांग लावायचा. गिरणीवाले गिरणी टाकून कसे येणार? त्यांनी पोराकडून निरोप धाडला, उद्या करतो सही. दुसऱ्या दिवशी काकांनी कागद माझ्याकडं दिला आणि मी तो सायकलवरून गिरणीत नेला. पट्ट्याचा खडखडाट चाललेला. गिरणीवाल्यांनी हात धोतराला पुसले, खिशातलं बॉलपेन काढलं, कागद पिठाच्या डब्यावर ठेवला आणि सही केली. वाचला नाही. घडीवर त्यांच्या बोटांचं पांढरं पीठ लागलं, ते मी घरी येईपर्यंत झटकत होतो.

आबा पुढच्या शिवरात्रीच्या आधी गेले.

वर्षभर काही झालं नाही. मग काकांनी मृत्युपत्र तलाठ्याकडं दिलं आणि फेरफाराची नोटीस निघाली. आत्याला वाचता येत नव्हतं. ती नोटीस घेऊन माझ्याकडंच आली. म्हणाली, “बघ रं, सरकारचं काय आलंय.” मी वाचून दाखवलं. सातबाऱ्याला दोघा भावांची नावं लागणार, मृत्युपत्रान्वये. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आबांनी कागद कधी केला?” मी म्हणालो, “दिवाळीनंतर.” तिनं माझ्या हाताकडं बघितलं. त्या दिवशीचा चहा तिच्याही ध्यानात होता.

गावातल्या बायका अशा वेळी गप्प बसतात. बहिणीनं साडीचोळी घ्यायची आणि हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायचा. भावाच्या घरचं पाणी तुटू नये एवढीच तिची मागणी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला होता, पण तो कायदा आमच्या गावात यायला तीस वर्षं लागली आणि आला तो आत्याच्या बोरमाळेवर. ती माळ मोडून तिनं वकील केला. १९८६ साली वाटपाचा दावा दाखल झाला.

दावा चालू असताना ती राहायची कुठं? त्याच पडवीत. काकूंची आणि तिची चूल वेगळी झाली, पण नळ एकच. काकू कालवण जास्त झालं की वाटी पाठवायच्या, आत्या ती वाटी रिकामी परत पाठवायची नाही. तारखेला तालुक्याला जायची एस.टी. सकाळची एकच. काका पुढच्या बाकावर, आत्या मागच्या. कोर्टाच्या आवारात दोघं चिंचेखाली वेगवेगळ्या बाजूला सावली धरून बसायचे. आवाज देणारा शिपाई बाहेर आला की दोघंही एकदम उठायचे. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळायची. परतीच्या गाडीत तेच बाक.

आमचे दादा प्रतिवादी नंबर दोन. ते तारखेला क्वचित जायचे. पण मृत्युपत्र टिकलं तर त्यांना सहा एकर, पडलं तर पाच. हिशोब असा: वडिलोपार्जित नऊ एकरात त्या वेळच्या कायद्यानं आबा आणि दोन मुलगे असे तिघे हिस्सेदार, प्रत्येकी तीन एकर. आबांच्या तीन एकरात तिन्ही लेकरं, म्हणजे आत्याला एक. मळ्याच्या तीन एकरात पुन्हा एक. आत्याचे दोन एकर, आणि त्यातला एकेक दोन्ही भावांच्या वाट्यातून जाणार.

साक्षी १९९१ साली सुरू झाल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. मास्तर १९८८ मध्येच वारले होते. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक तरी साक्षीदार कोर्टापुढं यावा लागतो. गिरणीवाले आले आणि म्हणाले, आबांनी माझ्यासमोर अंगठा दिला, मी आबांसमोर सही केली. शपथेवर. काकांवरच्या लोभापायी. त्यांचा मला राग आला नाही, कारण आदल्या रात्री काकांनी मलाही ओट्यावर बोलावलं होतं. दटावलं नाही की काही देऊही केलं नाही. एवढंच म्हणाले, “बाळ, तू लिहिलंस तेवढं सांग. जास्त काय बोलायची गरज न्हाय.”

मला त्यांच्याच वकिलांनी लेखक म्हणून उभं केलं. मी सांगितलं, अक्षर माझं, मी वाचून दाखवलं, अंगठा आबांचा. सगळं खरं होतं. मग आत्याचे वकील उठले. वयस्कर माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद उजेडाकडं धरला आणि विचारलं, “मजकूर शाईच्या पेनानं, मास्तरांची सही त्याच शाईत. मग दुसऱ्या साक्षीदाराची सही बॉलपेननं कशी?”

मी म्हणालो, “ते त्यांचं पेन होतं.”

“कुठं केली त्यांनी सही?”

काका समोरच्या बाकावर बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. त्यांच्या शेजारी दादा. त्या दिवशी ते मुद्दाम आले होते. आत्या दाराशी उभी, तिला बहुतेक प्रश्न ऐकूसुद्धा आला नसावा.

“गिरणीत,” मी म्हणालो. “दुसऱ्या दिवशी. मीच कागद घेऊन गेलो होतो.”

“आबा होते तिथं?”

“नाही.”

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा लिहायला लागले. तीन-चार वाक्यांचा मामला. कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर पाहिजेत असं नाही. वेगवेगळ्या दिवशी सह्या केल्या तरी चालतं. पण प्रत्येकानं सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोरच केली पाहिजे. गिरणीवाले त्या दिवशी संध्याकाळी पट्टा बंद करून पाच मिनिटं आमच्या ओट्यावर आले असते तर हा मुद्दा उरलाच नसता. लाईट नसती आली तरी.

परतीच्या गाडीत मी उभाच राहिलो. कंडक्टर आला तेव्हा काकांनी नेहमीसारखी सगळ्यांची तिकिटं काढली. माझंही काढलं. रात्री जेवताना दादा आईला म्हणाले, “ह्याच्या जिभेला एक एकर लागला.” मग भाकरी मोडली आणि पुढं त्यावर कधी बोलले नाहीत. काका मात्र चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

निकाल १९९३ साली लागला. मृत्युपत्र शाबीत होत नाही. निकालात न्यायाधीशांनी सुप्रीम कोर्टाचा व्यंकटाचल अय्यंगार खटला घेतला होता, १९५९ च्या रिपोर्टात छापलेला. त्याचं सार असं की जो मृत्युपत्र पुढं करतो त्यानंच शंका दूर करायच्या. आणि ज्याला त्यातून मोठा फायदा, त्यानंच ते तयार करण्यात पुढाकार घेतला असेल तर ती शंकेची जागा. काकांनी स्टॅम्प आणला, काकांनी मजकूर सांगितला, काकांनी अंगठा धरला. हे सगळं निकालात आलं.

निकालात आलं नाही ते एकच. आबांनी विचारलं होतं, “पोरीचं लिवलंस न्हवं?” त्याचा अर्थ काय? पोरीला देऊन टाकलंय, तिचा हक्क नाही, हे लिहिलंस ना, असा? की पोरीसाठी काहीतरी ठेवलंय ते लिहिलंस ना, असा? मला कोर्टात ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. काकांनी सांगितलं होतं, विचारलं तेवढंच बोल, आणि या बाबतीत मी त्यांचं ऐकलं. आत्यालाही मी ते पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, “आबा असंच बोलायचे. निम्मं पोटात.” तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही.

काकांनी जिल्हा कोर्टात अपील केलं होतं. १९९५ च्या सुमारास एकदा शाळेतून येताना मला रस्त्यात थांबवून त्यांनी विचारलं, “बदलीचं काय झालं?” तिथून आमचं बोलणं परत सुरू झालं. ते १९९६ ला गेले. त्यांच्या मोठ्या मुलानं अपील पुढं चालवलं नाही. ‘आता नको’ एवढंच म्हणाला, आणि १९९७ ला ते निकाली निघालं. तरी जमीन हातात यायची होती. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूम कोर्टाकडून कलेक्टरकडं जातो, तिथून तहसीलला, मग मोजणी. मोजणीदार साखळी घेऊन आमच्या रानात उतरला तेव्हा १९९९ उजाडलं होतं. आत्या सकाळपासून बांधावर. दगड रोवून झाले तसं ती उठली आणि मळ्यातल्या तिच्या एकराच्या चारी कोपऱ्यांवर जाऊन प्रत्येक दगडाला हात लावून आली. विहिरीचं पाणी आठवड्यातून दोन दिवस तिचं. त्या वर्षी तिनं भुईमूग लावला आणि पहिल्या शेंगा काकूंच्या दारात ओतल्या.

मधल्या काळात कायदा पुष्कळ बदलला. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क दिला, पण त्या वेळी ज्यांचं लग्न झालं नव्हतं त्यांनाच. २००५ ला देशभर सगळ्याच मुलींना मिळाला. आत्याला त्यातलं काहीच लागू नव्हतं; आबा जुन्या कायद्यात गेले, ती जुन्या कायद्यात जिंकली.

ती थकली तसं मी तिला म्हणालो, आत्या, दोन एकराचं काहीतरी लिहून ठेव. तुला मूल नाही. बापाकडून आलेली जमीन, मूल नसलं तर कायद्यानं परत बापाच्याच वारसांकडं जाते. म्हणजे आमच्याकडं आणि काकांच्या पोरांकडं. तुला कुणाला द्यायची असेल तर आत्ताच सांग, आपण रीतसर नोंदवू, साक्षीदार तुझ्यासमोर बसवू.

ती हसली. “तू एकदा लिवलास तेवढा बास,” म्हणाली.

ती २०११ साली गेली. दादा तिच्या आधीच गेले होते. तेराव्यानंतर काकांचा मोठा मुलगा आणि मी एकाच मोटारसायकलवर बसून तलाठ्याकडं वारसनोंदीला गेलो. आत्याचे दोन एकर परत दोन्ही घरांवर आले. काकांकडं एक, आमच्याकडं एक. पण या खेपेला नावं जास्त होती. आमची आई, मी, माझी बहीण. तिकडं काकू, दोन मुलगे आणि दोन्ही मुली. तलाठ्यानं सगळी नावं लिहून घेतली, पेन टेबलावर ठेवलं आणि सहज विचारलं, “मग, बहिणींची हक्कसोडं कधी करताय?”

चुलतभावानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “त्यांना विचारून सांगतो.”